जुनी मोटार : व्यवहार आणि देखभाल

(रस्ता सुरक्षा अभियानाच्या निमित्ताने पंचायत समितीच्या सभागृहात केलेल्या भाषणाचा मजकूर)



रस्ता सुरक्षा म्हटली की वेग, मद्यपान, हेल्मेट आणि सीटबेल्ट हे विषय ओघाने येतात, आणि ते यावयासच हवेत. आज मी ज्या विषयावर बोलण्याची अनुमती घेतली आहे तो या मालिकेत सहसा आढळत नाही. जुन्या मोटारीची खरेदी, तिची विक्री आणि ती दारी आल्यानंतर घ्यावयाची निगा हा तो विषय होय. मी यंत्रशास्त्राचा जाणकार नव्हे. मराठी वाङ्मय घेऊन पदवीधर झालेला आणि माहिती खात्यात नोकरी करणारा मनुष्य इंजिनाविषयी काय सांगणार, अशी शंका आपल्या मनात आली असेल तर ती रास्तच आहे. परंतु दोन प्रसंगांनी मला हा विषय शिकविला. त्यांतील एक माझ्या परिचिताचा आहे आणि दुसरा, जो सांगताना मला थोडा संकोच वाटतो, तो माझा स्वतःचा आहे.

एक काळ असा होता की तालुक्याच्या गावी मोटारी बोटांवर मोजण्याइतक्या असत. डॉक्टरांची फियाट, साखर कारखान्याच्या अध्यक्षांची अम्बॅसॅडर, एखाद्या व्यापाऱ्याची जीप. नवी गाडी हवी असल्यास नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. डिसेंबर १९८३ मध्ये मारुतीची लहान मोटार रस्त्यावर आली आणि हे चित्र हळूहळू पालटू लागले. त्या काळी डॉक्टरांनी फियाट विकावयास काढली म्हणजे तिचा पूर्वेतिहास साऱ्या गावाला मुखोद्गत असे. ती कोणत्या वळणावर झाडाला धडकली, तिचे इंजिन कोणत्या मिस्त्रीने उतरविले, ड्रायव्हर ती कशी हाकत असे, हे सारे गावाला ठाऊक होते. फसवणूक होत नसे असे नव्हे, पण ती लपत नसे.

आज दूरध्वनीच्या पडद्यावर छायाचित्र पाहून दोनशे किलोमीटरवरची गाडी ठरते. विकणारा कोण, त्याच्या आधी ती कोणाची होती, कोठे चालली, हे गावात कोणालाही ठाऊक नसते. गावाची आठवण पूर्वी जे काम करी, ते काम आता कागदाने करावयाचे आहे. आणि नेमके कागदाच्याच बाबतीत आपण कमालीचे बेफिकीर आहोत.

वास्तविक पाहता आपण शेतकरी समाज आहोत. सातबारा पाहिल्यावाचून कोणी गुंठाभर जमीन घेत नाही. खरेदीखत झाले तरी फेरफाराची नोंद होईपर्यंत तलाठ्याच्या चावडीवर हेलपाटे घालतो. बैल घ्यावयाचा झाला तर माळेगावच्या यात्रेत त्याचे दात मोजतो, त्याला चालवून पाहतो, आणि मग रुमालाखाली बोटे धरून सौदा करतो. तोच मनुष्य चार लाखांची मोटार घेताना रंग पाहतो, गाणी वाजविणारे यंत्र पाहतो आणि बयाणा देऊन मोकळा होतो.

गाडी जाते, नाव राहते

आता परिचिताचा प्रसंग सांगतो. हे गृहस्थ एका माध्यमिक शाळेचे मुख्याध्यापक होते. निवृत्तीला काही वर्षे उरलेली असताना त्यांनी आपली लहान मोटार शेजारच्या तालुक्यातील एका ओळखीच्या माणसाला विकली. पैसे रोख मिळाले. मुख्याध्यापकांनी आर. सी. बुक दिले, नावबदलाच्या अर्जांवर सह्या करून दिल्या, आणि दिनांकाची जागा घेणाऱ्याच्या सोयीसाठी कोरी ठेवली. ‘पुढच्या आठवड्यात नावावर करून घेतो, सर,’ असे सांगून तो गाडी घेऊन गेला. सर निश्चिंत झाले. घेणाऱ्याने ती गाडी काही महिन्यांनी एका दलालाला दिली, दलालाने आणखी कोणाला दिली. कोऱ्या सह्यांचे कागद गाडीबरोबर फिरत राहिले आणि परिवहन कार्यालयाच्या नोंदीत मालक म्हणून नाव मात्र मुख्याध्यापकांचेच राहिले.

तीन वर्षांनी त्यांच्या दारी मोटार अपघात दावे न्यायाधिकरणाची नोटीस आली. त्या गाडीने एका शेतमजुराला उडविले होते आणि त्याचा एक पाय गुडघ्यापासून काढावा लागला होता. गाडीचा विमा केव्हाच संपलेला होता. चालवणाऱ्याच्या नावावर काही नव्हते. मुख्याध्यापकांनी ज्याला गाडी विकली त्याने हात वर केले. सरांजवळ ना पावती होती, ना विक्रीच्या अर्जाची प्रत. निवृत्तीच्या रकमेचा मोठा भाग त्या दाव्यात गेला. त्याहूनही एक गोष्ट त्यांनी मला सांगितली, ती मी विसरलेलो नाही. न्यायालयाच्या ओवरीत तो मजूर कुबडी घेऊन बसलेला असे आणि सरांकडे पाहत असे. गाडी आपण चालवीत नव्हतो हे त्याला कसे सांगावे हे त्यांना कळत नसे. आणि सांगितले असते तरी त्याचा पाय परत येणार नव्हता. त्याला भरपाई मिळणे न्याय्यच होते.

हा कायद्याचा जुलूम आहे असे काहींना वाटेल. परंतु कायद्याची दृष्टी समजावून घ्यावयास हवी. १ जुलै १९८९ पासून अमलात आलेल्या मोटार वाहन अधिनियम, १९८८ मध्ये ज्याच्या नावे वाहन नोंदलेले आहे तो मालक, अशी व्याख्या आहे. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे असेच एक प्रकरण आले. गाडी एकामागून एक अनेकांना विकली गेली होती, नोंद मात्र पहिल्याच्याच नावे होती. उच्च न्यायालयाने शेवटच्या खरेदीदारावर जबाबदारी टाकली होती. सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरविला आणि नोंदीतील मालकासच भरपाईस जबाबदार धरले. कारण उघड आहे. अपघातग्रस्ताने किंवा त्याच्या विधवेने गाडी कोणाकोणाच्या हातून गेली याचा शोध घेत गावोगाव हिंडावे, ही अपेक्षा कायदा करू शकत नाही. त्याच्या हाती फक्त क्रमांकाची पाटी असते, आणि ती पाटी नोंदीतील नावाकडे बोट दाखविते.

तेव्हा सर्वसाधारण समजूत जी आहे, की सावध राहावयाचे ते घेणाऱ्याने, विकणाऱ्याला काय, पैसे मिळाले की सुटला, ती चुकीची आहे. माझ्या मते अधिक धोका विकणाऱ्यालाच असतो.

अधिनियमाच्या कलम ५० प्रमाणे गाडी त्याच राज्यात विकली असेल तर विकणाऱ्याने १४ दिवसांच्या आत परिवहन कार्यालयाला कळवावयाचे आणि त्याची प्रत घेणाऱ्याला द्यावयाची. हा कळविण्याचा अर्ज म्हणजे नमुना २९. घेणाऱ्याने ३० दिवसांच्या आत नावबदलाचा अर्ज करावयाचा. तो नमुना ३०. लोक या दोहोंना मिळून ‘टीटी फॉर्म’ म्हणतात. हे अर्ज आता परिवहन खात्याच्या संकेतस्थळावरूनही भरता येतात आणि त्यासाठी आपल्या भ्रमणध्वनीवर येणारा संकेतांक लागतो. म्हणून नोंदीत आपला चालू क्रमांक असल्याची खात्री आधी करून घ्यावी. कोऱ्या कागदावर सही देऊ नये, दिनांक घालूनच द्यावी. व्यवहाराचा एक साधा करार करावा. त्यात गाडी ताब्यात दिल्याचा दिवस आणि वेळ लिहावी, किलोमीटरचा आकडा लिहावा, दोघांच्या ओळखपत्रांच्या प्रती जोडाव्यात. वेळ कशाला, असे कोणी विचारील. सायंकाळी पाचला गाडी दिली आणि रात्री नऊला तिने कोणाला ठोकरले, तर त्या चार तासांचा हिशेब त्या एका ओळीत असतो. पैसे शक्यतो बँकेमार्फत घ्यावेत. मात्र हा करार, तो नोटरीपुढे केलेला असला तरी, नावबदल नव्हे. आपल्याकडे शंभर जणांत नव्वदांचा तसा समज आहे. खरेदीखत झाले म्हणून सातबारा आपोआप बदलत नाही, हे ज्यांना पाठ आहे त्यांना हे समजावयास अडचण पडू नये.

आणि अखेरचे म्हणजे, महिन्याभराने नोंद खरोखर बदलली की नाही, हे एम-परिवहन या ॲपवर गाडीचा क्रमांक घालून स्वतः पाहावे. त्यात मालकाच्या नावाची काही अक्षरे झाकलेली असतात, पण आपले नाव गेले की राहिले एवढे कळते. मुख्याध्यापकांनी तेवढे पाहिले असते तर पुढचे सारे टळले असते.

गाडी दलालामार्फत विकावयाची असेल तर १ एप्रिल २०२३ पासून केंद्र शासनाचे नवे नियम लागू आहेत. जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याला नोंदणी प्राधिकाऱ्याकडून अधिकारपत्र घ्यावे लागते. अशा अधिकृत व्यापाऱ्याच्या ताब्यात गाडी दिल्याची ऑनलाइन सूचना झाली की पुढील विक्रीपर्यंत तिचा मालक तोच मानला जातो. ही तरतूद विकणाऱ्याच्या फार फायद्याची आहे. व्यापाऱ्याजवळ ते अधिकारपत्र आहे काय, एवढे विचारावयास कोणी संकोच करू नये.

घेणाऱ्याने काय पाहावे

घेणाऱ्याने प्रथम आर. सी. वरील चासी क्रमांक आणि इंजिन क्रमांक गाडीवरील क्रमांकांशी स्वतः ताडून पाहावेत. विक्रेत्याने वाचून दाखविले यावर भागवू नये. अंक खरवडलेले अथवा नव्याने ठोकलेले दिसले तर तेथूनच परत फिरावे, मग भाव कितीही स्वस्त असो. गाडी चोरीची नाही ना, याची खात्री राष्ट्रीय गुन्हे अभिलेख विभागाच्या ‘वाहन समन्वय’ या सेवेतून करता येते. गाडीवर बँकेचा बोजा आहे काय हे आर. सी. वर नोंदलेले असते. बोजा फिटला असे विक्रेता तोंडी सांगतो. पण बँकेचे ना-हरकत पत्र आणि बोजा उतरविण्याचा नमुना ३५ हाती आल्यावाचून पूर्ण रक्कम देऊ नये. न भरलेले ई-चलन, प्रदूषण नियंत्रण प्रमाणपत्राची मुदत, विम्याची मुदत, आणि १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीवर नवी सुरक्षा क्रमांकपाटी बसविली आहे की नाही, हे सर्व त्याच बैठकीत पाहून घ्यावे. पिवळ्या पाटीवर भाड्याने चाललेली गाडी पांढऱ्या पाटीवर करून विकण्याचा प्रकारही आहे. तो बेकायदेशीर नाही, पण भाड्याच्या गाडीचे आयुष्य वेगळ्या मापाने मोजावे लागते.

परराज्यातील गाडीविषयी दोन शब्द. दिल्ली परिसरात दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्बंध घातले. पुढे त्या आदेशांत फेरफार झाले. पण त्या निर्बंधांमुळे तिकडच्या चांगल्या दिसणाऱ्या डिझेल गाड्या स्वस्तात इतर राज्यांत येऊ लागल्या. अशा गाडीला तिकडच्या कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र, म्हणजे नमुना २८, लागते आणि महाराष्ट्रात कर भरून नवी नोंदणी करावी लागते. तो कर आणि हेलपाटे मिळविले म्हणजे स्वस्ताई किती उरते, याचा हिशेब आधी करावा. बाहेरच्या राज्याच्या पाटीवर वर्षानुवर्षे गाडी फिरविणारे महाभाग आपल्याकडे आहेत, त्यांच्याविषयी अधिक बोलत नाही.

आता गाडी प्रत्यक्ष पाहण्याविषयी. आणि येथे माझा स्वतःचा प्रसंग येतो. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगली भागात महापूर आला हे आपणांस स्मरत असेल. त्यानंतर काही महिन्यांनी मी एका दलालाकडून मोटार घेतली. रंग सुंदर, आतील गाद्या नव्या, सुगंधी द्रव्याचा घमघमाट. नव्या गाद्यांचे मला कौतुकच वाटले! पहिल्या पावसाळ्यात तिचे दिवे आपोआप लागू लागले, काचा मध्येच खाली येईनात, आणि एका रात्री घाटात इंजिन बंद पडले ते पडलेच. बरोबर पत्नी आणि मुलगी होती. दिवे नसलेली मोटार घाटातील वळणावर उभी असणे म्हणजे काय, हे मागून येणाऱ्या मालमोटारींच्या आवाजाने मला त्या रात्री समजले. गॅरेजमधील मिस्त्रीने पायाखालचा गालिचा उचलला तर खाली पत्र्यावर चिखलाची वाळलेली रेघ होती. पुरात बुडालेली गाडी मी पैसे मोजून घरी आणली होती. लोकांना माहिती देण्याचे वेतन मी घेतो, ही गोष्ट त्या मिस्त्रीला ठाऊक नव्हती हे बरे झाले.

तेव्हापासून मी जे शिकलो ते सांगतो. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहावा. गाडी धुणारे सारे धुतात, पण गुंडाळलेला पट्टा सहसा कोणी संपूर्ण बाहेर काढून धूत नाही. पाण्याची पातळी त्यावर डाग ठेवून जाते. आसनांखालच्या लोखंडी पट्ट्यांवरचा गंज, डिकीतील स्टेपनीच्या खळग्यातली माती, पुढच्या दिव्यांच्या काचेआत साचलेले दव, ही त्याच कहाणीची इतर पाने होत. फार सुगंध येत असेल तर तो कशासाठी मारला आहे, हा प्रश्न स्वतःस विचारावा. २६ जुलै २००५ ची मुंबई असो की जुलै २०२१ चे चिपळूण, मोठ्या पुरानंतर काही महिने बाजारात येणाऱ्या गाड्यांकडे अधिक बारकाईने पाहावे.

गाडी पाहावयास सकाळी लवकर आणि दिवसाच्या उजेडात जावे. बॉनेटवर हात ठेवावा. ते गरम लागले तर विक्रेत्याने आपण येण्यापूर्वीच इंजिन चालविले आहे, आणि थंड इंजिनाचे दुखणे आपल्यापासून लपविले आहे. सुरू केल्यावर निळसर धूर आला तर इंजिन ऑइल जाळते आहे, काळा आला तर इंधन पुरते जळत नाही, आणि इंजिन तापल्यावरही दाट पांढरा धूर येत राहिला तर कूलंट आत शिरत असण्याचा संभव. ऑइलचे झाकण उघडून आतील बाजू पाहावी. दुधाच्या सायीसारखा थर दिसला तर पाणी आणि ऑइल एकत्र आले असण्याची शंका घ्यावी. साधा लोहचुंबक पातळ कापडात गुंडाळून पत्र्यावरून फिरवावा. जेथे तो धरत नाही तेथे बहुधा पत्र्यावर जाड लांबी भरलेली आहे, म्हणजे तेथे केव्हातरी मार बसला आहे. चढावर चालवून पाहावी, मोकळ्या जागी ब्रेक लावून ती सरळ थांबते की एका बाजूस ओढते हे पाहावे.

किलोमीटरच्या आकड्यावर विसंबू नये. मीटर मागे फिरवून देणारे आहेत आणि त्यांचे दर ठरलेले आहेत. मीटर चाळीस हजार सांगत असेल आणि ब्रेकच्या पेडलवरचे रबर झिजून गुळगुळीत झाले असेल, तर रबर खरे बोलते. टायरच्या बाजूवर चार आकडे कोरलेले असतात. २३१९ असे असेल तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. ‘टायर नवेच आहेत’ या वाक्याची परीक्षा तेथे होते. सर्व्हिसिंगच्या पावत्या मागाव्यात, त्यांवर किलोमीटर लिहिलेले असतात. आणि हे सारे करूनही आपल्या विश्वासातला, विक्रेत्याच्या ओळखीचा नसलेला, मिस्त्री बरोबर न्यावा. त्याला पाचशे-हजार रुपये द्यावे लागले तरी द्यावेत. मी ते वाचविले होते.

किंमत किती असावी, यास एकच उत्तर नाही. विमा व्यवसायात दीर्घकाळ प्रचलित असलेल्या घसाऱ्याच्या तक्त्याचा आधार मात्र घेता येतो. त्यानुसार गाडी दोन ते तीन वर्षांची असल्यास नव्या किंमतीतून ३० टक्के, तीन ते चार वर्षांची असल्यास ४० टक्के आणि चार ते पाच वर्षांची असल्यास ५० टक्के वजा होतात. म्हणजे आज नवी सहा लाखांना मिळणारी गाडी साडेतीन वर्षांची असेल, तर सौद्याची सुरुवात तीन लाख साठ हजारांच्या आसपास व्हावी. येथे ‘आज नवी’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान मोटारींवरील वस्तू व सेवा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि नव्या गाड्यांच्या किंमती उतरल्या. विक्रेता आपण दिलेली जुनी किंमत सांगतो, आपण आजची विचारावी.

विम्याबाबत एक गैरसमज सार्वत्रिक आहे. गाडीबरोबर विमा आला, असे लोक म्हणतात. तिसऱ्या पक्षाच्या हानीपुरता तो कायद्याने घेणाऱ्याकडे येतो, तरीही १४ दिवसांत विमा कंपनीस कळवावयाचे असते. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचे संरक्षण मात्र आपोआप येत नाही. ते आपल्या नावे करून घ्यावे लागते. ‘नो क्लेम बोनस’ ही सवलत तर माणसाची असते, गाडीची नव्हे. विकणाऱ्याने तिचे प्रमाणपत्र विमा कंपनीकडून मागून घ्यावे, ते त्याच्या पुढच्या गाडीला उपयोगी पडते.

निगा

निगेविषयी पुस्तकी सूचना गाडीच्या पुस्तिकेत असतात, त्या मी वाचून दाखवीत नाही. आपल्या भागापुरते बोलतो. जुनी गाडी आणल्यावर पहिल्याच आठवड्यात इंजिन ऑइल, त्याची चाळणी, कूलंट आणि ब्रेक ऑइल बदलून टाकावे. पूर्वीच्या मालकाने केव्हा बदलले यावर तर्क करीत बसू नये. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते आणि दर दोन वर्षांनी ते बदलावे लागते, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. ऊसतोडणीच्या दिवसांत रस्त्यांवर जी धूळ उडते तिने हवेची चाळणी पुस्तिकेत सांगितल्याच्या निम्म्या काळात भरते. सी.एन.जी. ची टाकी असेल तर तिची नोंद आर. सी. वर हवी आणि दर तीन वर्षांनी तिची दाबचाचणी झाल्याची पाटी हवी. पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल मिसळलेले असते. एप्रिल २०२३ पूर्वीच्या गाडीच्या रबरी नळ्या आणि जोड मिस्त्रीकडून वर्षातून एकदा तपासून घ्यावेत.

गाडी पाचटावर किंवा कडब्याच्या ढिगाजवळ उभी करू नये. खालून जाणारा धुराचा नळा आणि त्यावरील यंत्रणा इतकी तापते की वाळलेले गवत पेटू शकते. उंदीर हा दुसरा शत्रू. गाडी पंधरा दिवस न हलविता पडवीत ठेवली की ते वायरी कुरतडतात. त्यावर लोक तंबाखूच्या पुड्या ठेवतात. उपाय कितपत गुणकारी आहे ते तंबाखू ठेवणारेच जाणोत, पण आठवड्यातून दोनदा गाडी चालविणे आणि बॉनेट उघडून पाहणे हे निश्चित उपयोगी पडते. ओढ्याच्या पाण्यात इंजिन बंद पडले तर पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न मुळीच करू नये. पाणी आत गेलेले असताना किल्ली फिरविली तर आतले दांडे वाकतात आणि दोन हजारांचे काम पन्नास हजारांवर जाते. गाडी ढकलून बाहेर काढावी.

अधिकारी आणि शिक्षक यांच्यासाठी एक स्मरण. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ तसेच जिल्हा परिषदेच्या सेवकांसाठीचे १९६७ चे वर्तणूक नियम यांखाली मालमत्तेच्या व्यवहारांविषयी बंधने आहेत. मोटार घेताना वा विकताना विहित मर्यादा आस्थापना शाखेत विचारून घ्यावी आणि लागत असल्यास लेखी कळवावे. पंचायत सदस्यांनीही एक गोष्ट ध्यानात घ्यावी. १ एप्रिल २०२३ पासून शासकीय, तसेच नगरपालिका आणि पंचायतींच्या मालकीच्या, पंधरा वर्षांवरील वाहनांच्या नोंदणीचे नूतनीकरण होत नाही. अशी जीप पूर्वीप्रमाणे लिलावात विकून ती पुन्हा रस्त्यावर यावी, ही वाट आता बंद झाली आहे. ती नोंदणीकृत मोडणी केंद्राकडे गेली पाहिजे. आवारात लिंबाखाली गंजत उभ्या असलेल्या गाड्यांचा प्रश्न पुढील मासिक सभेच्या विषयपत्रिकेवर घ्यावा, अशी माझी विनंती आहे.

मालक मरण पावला तर काय, हा प्रश्न मघाशी एका भगिनीने चिठ्ठी पाठवून विचारला आहे. वारसाने ३० दिवसांच्या आत परिवहन कार्यालयास कळवावे आणि तीन महिन्यांच्या आत नमुना ३१ मध्ये आपल्या नावे करून घेण्याचा अर्ज द्यावा. दुःखाच्या दिवसांत हे सुचत नाही आणि गाडी तशीच भावकीतले कोणीतरी चालवीत राहते. शेजारीपाजाऱ्यांनी अथवा शाळेच्या गुरुजींनी पुढाकार घेऊन हा अर्ज भरून द्यावा.

नमुना २९, ३०, ३१ आणि ३५ यांच्या प्रती सभागृहाबाहेरच्या मेजावर ठेवल्या आहेत. ज्यांनी गाडी विकली आहे आणि नाव गेले की नाही याची ज्यांना खात्री नाही, त्यांनी आपला जुना क्रमांक माझ्या सहकाऱ्याला सांगावा. तो येथेच ॲपवर पाहून सांगेल. परिवहन कार्यालयाचे शिबिर तालुक्याला भरते त्याचा दिवसही त्याच मेजावर लिहून ठेवलेला आहे.